चौथ्या गाण्यातला आवाज

टिटवीची रेकॉर्ड शुक्रवारी निघणार आहे, ही बातमी सगळ्यात शेवटी कळली ती तिच्या वडिलांना. खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांना ती माहीत होती, वरच्या मजल्यावरच्या आजींना माहीत होती. इतकंच काय, कटिंगवाल्याने मानेवर वस्तरा टेकवून "मग, शुक्रवारी ना?" असं विचारलं. मानेवर वस्तरा असताना "काय शुक्रवारी?" असा उलटा प्रश्न शहाणा माणूस करत नाही. त्यांनी नुसतं "हं" केलं आणि घरी येऊन बूट काढायच्या आधी बायकोला गाठलं.

"अहो, तुम्हाला सांगणारच होतो," टिटवीची आई म्हणाली. "पण तुम्ही मदत कराल, अशी तिला भीती वाटत होती."

हे वाक्य कोणत्या बापाला लागणार नाही? त्यांना तर ते चांगलंच लागलं. ते बराच वेळ एक बूट पायात आणि एक हातात घेऊन बसून राहिले.

गृहस्थ ध्वनी तक्रार विभागात अधिकारी होते. शहरात कोणाला कसलाही आवाज सहन झाला नाही की फोन यांच्या टेबलावर वाजायचा. कोणाच्या शेजाऱ्याचा कुत्रा भुंकायचा, कोणाच्या डोक्यावर कोणीतरी टाचांच्या चपला घालून फिरायचं, एका बाईंना तर स्वतःच्या नवऱ्याच्या घोरण्याची रीतसर तक्रार नोंदवायची होती. सगळ्यांचं शांतपणे ऐकून घ्यायचं आणि मग मुख्य कचेरीला फोन लावायचा, हे त्यांचं काम. मुख्य कचेरी "थांबा" म्हणायची, पलीकडे कसलीशी पिंपिं सुरू व्हायची, आणि हे थांबायचे. अख्खी नोकरी रिसीव्हर खांद्यात दाबून थांबण्यात गेल्यामुळे त्यांची मान डावीकडे जराशी कलली होती. इमारतीत त्यांना सगळे तक्रारसाहेब म्हणत. तोंडावर नुसतं साहेब.

अशा माणसाच्या पोटी गाणारी मुलगी यावी, हा विनोद इमारतीने पुष्कळ वर्षं पुरवून पुरवून वापरला होता. जन्मल्या जन्मल्या तिने असा काही आवाज लावला होता की शेजारच्या खोलीतल्या बाळंतिणीच्या सासूने येऊन तक्रार केली. साहेबांनी ती सुद्धा शांतपणे ऐकून घेतली आणि मुलीला टिटवी म्हणायला सुरुवात केली. पण मोठी झाल्यावर टिटवी गायला लागली ती अगदी हळू. उशीशी काही गुपित बोलावं, तशी. तिची गाणी आजच्या मुलांची होती, त्यात ढोलताशांचा मारा नव्हता, भांडण नव्हतं, नुसतं एखादं खिडकीतलं ऊन नाहीतर रिकाम्या बसमधली शेवटची सीट असायची. ऐकता ऐकता डोळे जड व्हायचे. साहेबांनी मात्र यातलं काही ऐकलेलं नव्हतं. "निघाली की ऐका," असं टिटवीने सांगून ठेवलं होतं.

चार गाण्यांची ती छोटी रेकॉर्ड. पुऱ्या अल्बमला जीव पुरत नाही आणि एका गाण्याने पोट भरत नाही, तेव्हा असं मधलं काहीतरी काढतात म्हणे. ती तयार होत होती घरातच, टिटवीच्या खोलीतल्या कपड्यांच्या कपाटात. हे वाचून कोणी हसू नये. कपाटात टांगलेले कपडे आवाज पिऊन टाकतात, घुमू देत नाहीत, हे आता लहान मुलांनाही माहीत आहे. टिटवीचे कपडे चिंध्यांएवढे, त्यांनी काय प्यायचा आवाज? म्हणून तिने वडिलांचे सगळे शर्ट आणून टांगले होते. त्या पांढऱ्या, निळ्या शर्टांच्या गर्दीत माईक धरून ती उभी राहायची, दार ओढून घ्यायची आणि गायची. बाहेर पलंगावर लॅपटॉप घेऊन तिचा एक मित्र बसायचा. त्याचे कान आजवर कोणी पाहिलेले नव्हते, म्हणून साहेब त्याला हेडफोन म्हणत.

तीन गाणी झाली होती. चौथं राहिलं होतं. बातमी कळली त्याच्या दुसऱ्या दिवशी साहेबांनी रजा टाकली.

"गाण्यातलं मला काही कळत नाही, हे मी मान्य करतो," नाश्त्याच्या टेबलावर त्यांनी जाहीर केलं. "पण गाण्याच्या भोवती जी शांतता लागते, ती माझ्या खात्यात येते."

"बाबा, तुम्ही फक्त आवाज करू नका," टिटवी म्हणाली. "तीच मदत."

आवाज करू नका! हे त्यांना! ज्यांनी उभ्या आयुष्यात दार आपटलं नव्हतं, जे शिंकसुद्धा रुमालात गुंडाळून खिशात ठेवत, त्यांना! पण त्यांनी अपमान गिळला आणि घरातलं सगळ्यात बिनआवाजी काम शोधून काढलं. ते इस्त्री करायला गेले.

इस्त्रीची जागा म्हणजे टिटवीच्या खोलीला लागून असलेला बोळ. तिथे एक खिडकी होती, दुपारी तिच्यातून उन्हाचा पट्टा टेबलावर यायचा. मधली भिंत जुन्या मालकाने काढून तिथे कपाट बसवलं होतं, त्यामुळे टेबलाच्या पलीकडे नुसती एक फळी आणि फळीपलीकडे टिटवी. लेकीच्या जवळपास असल्यासारखं वाटायचं, म्हणूनही त्यांना ती जागा आवडायची. शर्ट पसरायचा, पाणी शिंपडायचं, इस्त्री टेकवायची. गरम कापडाचा तो ओलसर वास वर आला की साहेब या जगात नसत. बाही लांबच लांब पसरत जाई, एक सुरकुती दूर कुठेतरी दिसे, तिच्या मागे मागे ते जात, ती विरघळे, पुढे दुसरी दिसे. कचेरी नाही, फोन नाही, वयसुद्धा नाही. कॉलरपाशी पोचल्यावर कुठून तरी परत आल्यासारखं वाटायचं, आणि कुठे गेलो होतो ते काही केल्या आठवायचं नाही.

संध्याकाळी हेडफोनचा चेहरा उतरलेला होता.

"काहीतरी आवाज येतोय," तो म्हणाला. "गाण्याच्या मागे. मम्म असा. यंत्राचा असावा."

"मग काढून टाक," टिटवी म्हणाली.

"निघत नाहीये. पंख्याचा आवाज निघतो, रस्त्यावरचा निघतो. हा सुरात आहे गं. तुझ्या सुरांच्या बरोबर खाली बसलाय. त्याला काढायला गेलो की तूच निघतेस."

टिटवीने पुन्हा गायलं. पुन्हा तो आवाज. पुढच्या दिवशी पुन्हा. शेवटी तिने कानांवरचे हेडफोन मानेवर उतरवले आणि आईकडे बघत, वडिलांकडे न बघता, सांगितलं, "शुक्रवारपर्यंत नाही जमलं तर तीन गाण्यांचीच निघेल. आणि हे चौथंच तर मला गायचं होतं. बाकीची तीन त्याच्यासाठी केली. स्टुडिओच्या वर एक खोली आहे. भिंतींना जाड गाद्या ठोकलेल्या. खाली काम, वर राहायचं. मी विचार करतेय की तिकडेच जाऊन राहावं."

"गाण्यापुरतं?" साहेबांनी विचारलं.

"राहायलाच, बाबा. या घरात काम होत नाही."

बायको भांडी पुसत होती, ती थांबली. त्या क्षणी साहेबांनी मनाशी ठरवलं की हा आवाज शोधायचा. मुलगी घराबाहेर पडते तेव्हा बाप हजार कारणं सोसतो. शिक्षण, नोकरी, प्रेम, सगळं सोसतो. पण ध्वनी तक्रार अधिकाऱ्याच्या घरातून मुलगी आवाजाला कंटाळून जाते? लोक तोंडात शेण घालतील. हे झालं लोकांचं. पण ती गेली तर सकाळी चहाच्या कपावर वाकून, डोळे मिटूनच पहिला घोट घेणारं ते तोंड दिसणार नाही, हे त्यांना आतल्या आत कुठेतरी टोचत होतं, आणि ते लोकांच्या तोंडापेक्षा जास्त टोचत होतं.

मोहीम सुरू झाली. सल्ल्यांना तोटा नव्हता.

"फ्रिज," दातांचे डॉक्टर म्हणाले. "पैज लावतो. वय झालं की फ्रिज कण्हायला लागतात. माझाही कण्हतो."

साहेबांनी फ्रिज बंद केला. दूध नासलं, बर्फाचं तळं झालं, आणि टिटवीच्या आईने त्या तळ्यात पाय घालून जे काही सुनावलं ते अधिकृतरीत्या मोजलं असतं तर दंड झाला असता. पण साहेब खूश होते. शत्रू पडला होता. त्या आनंदात त्यांनी दोन शर्टांना कडक इस्त्री केली.

आवाज होताच.

"भुंगा असेल," वरच्या आजी म्हणाल्या. त्या दिवसभर शिवणयंत्र चालवत आणि कोणासाठी शिवतात ते कोणाला माहीत नव्हतं. "लाकडात शिरतो मेला. आमच्या पलंगात होता. मी आपली समजत होते की हेच झोपेत बोलतात."

साहेबांनी घरातलं एकूण एक लाकूड चमच्याने ठोकून, कान लावून तपासलं. भुंगा मिळाला नाही. तेव्हा त्यांची नजर आजींच्या यंत्राकडे वळली. आजी आधी फुरंगटल्या, पण रेकॉर्ड निघते म्हटल्यावर विरघळल्या आणि दुपारी यंत्र बंद ठेवायला कबूल झाल्या. डॉक्टरांनीही मोठेपणाने दुपारी ड्रिल बंद ठेवायचं मान्य केलं. त्या वेळात येणाऱ्या रोग्यांना नुसता उपदेश मिळू लागला, आणि कौतुकाची गोष्ट म्हणजे रोगी वाढले.

उरली लिफ्ट आणि पाण्याचा पंप. ती दोन्ही इमारतीच्या चिटणीसांच्या ताब्यात होती.

"बंद करायला हरकत नाही," चिटणीस म्हणाले. "पण कमिटीचा ठराव लागेल."

"मग घ्या ना बैठक."

"बैठक गच्चीवरच्या खोलीत होते. लिफ्ट बंद असली तर कमिटी वर कशी येणार? सगळ्यांचे गुडघे गेलेत."

"अहो, बैठकीच्या वेळी लिफ्ट चालूच असेल! ठराव झाल्यावर बंद करायची!"

"आणि मग कमिटी खाली कशी येणार?"

शासकीय नोकरीत इतकी वर्षं काढूनही साहेबांना एवढा सुबक अडथळा कधी उभा करता आला नव्हता. शेवटी बैठक खाली जिन्याच्या पायरीवर घ्यावी असा तोडगा निघाला, आणि ठराव झाला की रेकॉर्ड निघेपर्यंत रोज दुपारी काही वेळ इमारतीने आवाज करू नये.

आणि मग त्या इमारतीत अशी काही दुपार उतरू लागली की विचारू नका. लिफ्ट मधल्या मजल्यावर डोळे मिटून उभी. नळ गप्प. माणसं चपला हातात घेऊन जिने चढू लागली. टपाल देणारा दारापाशी येऊन नुसता हसायचा आणि पत्र फटीतून असं सरकवायचा की जणू आत कोणी आजारी आहे. आजी यंत्रावर हात ठेवून खिडकीत बसत आणि त्यांना म्हणे समोरच्या झाडावरच्या पक्ष्यांचं आपसातलं बोलणं कळू लागलं. भांडणारी जोडपी कुजबुजत भांडू लागली, आणि कुजबुजत फार वेळ भांडता येत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. उन्हाचा पट्टा एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर जाताना जणू ऐकू यायचा. सगळी इमारत पाण्याखाली गेल्यासारखी हलकी झाली होती. साहेब जिन्यात उभे राहून ती शांतता छातीत भरून घेत. हे आपण केलं, असं त्यांना वाटे. मग तृप्त मनाने ते घरी येत आणि लेकीला त्रास नको म्हणून पाय न वाजवता बोळात जाऊन इस्त्री करत.

आवाज होताच. उलट बाकी सगळं शांत झाल्यामुळे आता तो स्वच्छ ऐकू येत होता.

"बाबा, राहू दे," टिटवी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. "तुम्ही खूप केलंत. मी उद्या त्या खोलीवर जाते."

ती बॅग भरायला लागली. साहेबांकडे आता शेवटचा उपाय उरला होता. कचेरीतलं आवाज मोजायचं मीटर. ते भिंतीला लावलं की आवाज कुठून येतो ते सांगतं. आजवर त्यांनी ते असंख्य लोकांच्या भिंतींना लावलं होतं. त्यांनी फोन फिरवला. मान दुखत होती म्हणून स्पीकर लावला.

"ध्वनी तक्रार विभाग," पलीकडून त्यांच्या हाताखालचा नवा साहेब म्हणाला.

"अरे, मी बोलतोय."

"मी म्हणजे कोण?"

"अरे, मी! तुझ्या शेजारच्या टेबलावरचा!"

"साहेब, शेजारचं टेबल रजेवर आहे. आपण अधिकारी म्हणून बोलताय की नागरिक म्हणून?"

"नागरिक म्हणून," साहेब दातओठ खात म्हणाले.

"आवाज कोण करतंय?"

"ते कळलं असतं तर तुला कशाला फोन केला असता?"

"करणाऱ्याचं नाव नसेल तर तक्रार घेता येत नाही, साहेब. तुम्हीच शिकवलंत. पहिल्याच दिवशी."

खरं होतं. त्यांनीच शिकवलं होतं, आणि वर टेबलावर बोट आपटून शिकवलं होतं.

"बरं, नुसतं मीटर तरी पाठव रे बाबा."

"मीटर नागरिकाच्या घरी न्यायचं तर मुख्य कचेरीची परवानगी लागते. जोडून देतो. थांबा."

आणि ते थांबले. खोलीत ती ओळखीची धून वाजू लागली. पिंपिं करत ती हळूहळू वर चढायची, वर पोचल्यावर एक गिरकी घ्यायची, आणि आता खाली उतरणार इतक्यात खट्‌कन तुटून पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायची. ते यंत्र कैक वर्षांपूर्वी बिघडलं होतं आणि दुरुस्त करण्याची तक्रार कोणत्या विभागात करायची हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

टिटवी दारात येऊन उभी राहिली. तिच्या हातात घडी घातलेला मोजा होता.

"बाबा, हे काय आहे?"

"मुख्य कचेरी."

"हे माझं गाणं आहे."

"अगं, ही आमची मुख्य कचेरी आहे."

"बाबा, हे माझं गाणं आहे! चौथं! हीच चाल. मला सुचलेली." ती फोनवर वाकली. "मी तर तुमच्या कचेरीत कधी फोन केला नाही. मी हे ऐकलंच कुठे?"

हेडफोन धावत आला. त्याने लॅपटॉपवर टिटवी गायला लागण्याआधीचा, नुसत्या मम्मचा तुकडा मोठा करून लावला. टेबलावर फोन पिंपिं करत होता, लॅपटॉप मम्म करत होता, आणि दोघं हातात हात घालून वर चढत होते, गिरकी घेत होते, आणि एकाच ठिकाणी तुटत होते.

इतक्यात टिटवीची आई कामावरून आली. दुपार असल्यामुळे तिच्या चपला हातात होत्या. तिने तिघांचे चेहरे पाहिले, फोनकडे पाहिलं, लॅपटॉपकडे पाहिलं.

"इस्त्री कोण करतंय?" तिने विचारलं.

"कोणी नाही," साहेब म्हणाले. "का?"

"मग हा तुमचा इस्त्रीचा आवाज कुठून येतोय?"

तिघांनी एकदम तिच्याकडे पाहिलं.

"अहो, असे बघताय काय? इस्त्री हातात घेतली की तुम्ही हेच तर गुणगुणता. लग्न झाल्यापासून ऐकतेय. आता मला ऐकू येत नाही, तो भाग वेगळा." तिने चपला खाली ठेवल्या. "आणि टिटवे, तुला काय नवीन आहे यात? तू झोपायचीस कशावर? रडून रडून इमारत डोक्यावर घ्यायचीस. मग हे तुला खांद्यावर टाकून या बोळात फेऱ्या मारायचे आणि हेच म्हणत राहायचे. पुढचं यांना येतच नव्हतं. तू पेंगायचीस, आणि हे तिथे आले की तू मान उचलायचीस. पुढे काय म्हणून. पुढे काही नाही. पुन्हा पहिल्यापासून."

फोनमधली धून थांबली. "मुख्य कचेरी," कोणीतरी खेकसलं. "काय तक्रार आहे?"

साहेबांनी लेकीकडे पाहिलं.

"काही नाही," ते म्हणाले. "तक्रार मागे घेतो."

गुन्हेगार सापडला होता आणि तो रजेवर होता. फ्रिज निर्दोष, भुंगा निर्दोष, आजी, डॉक्टर, लिफ्ट, पंप, सगळे निर्दोष. पहिली तीन गाणी स्वच्छ का झाली? साहेब कचेरीत होते म्हणून. चौथ्यात घाण कधी शिरली? साहेब मदतीला आले तेव्हा. ते खुर्चीत बसले आणि आपल्या हातांकडे बघत राहिले. कोणी त्यांच्यावर ओरडलं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपार व्हायच्या आत ते न सांगता घराबाहेर पडले. कटिंगवाल्याकडे जाऊन बसले. कापण्यासारखे केस उरले नव्हते, तरी ते बसले. तोंड घट्ट मिटून बसले, न जाणो. घरी टिटवीने गाणं म्हटलं आणि ते काचेसारखं स्वच्छ आलं.

ते परतले तेव्हा तिने त्यांना पलंगावर बसवलं.

"झालं ना चांगलं?" त्यांनी विचारलं.

"स्वच्छ झालंय. पण बाबा, त्यात कोणी नाहीये. मी एकटीच गातेय." तिने लॅपटॉप बंद केला. "तुम्ही इस्त्री करा. मी परत गाते."

साहेबांनी इस्त्री हातात घेतली. आता माणसाला एकदा कळलं की आपण गुणगुणतो, की संपलं. पहिल्या शर्टाला त्यांच्या घशातून जो सूर निघाला तो तक्रार वाचून दाखवल्यासारखा होता. दुसऱ्याला खोकला आला. तिसऱ्या शर्टाच्या बाहीवर इस्त्री टेकवून ते इतकं मन लावून गुणगुणायला लागले की बाहीला त्रिकोणी भोक पडलं. फळीपलीकडून टिटवीचं हसू ऐकू येत होतं. कपाटात, शर्टांच्या गर्दीत, एकटीच खुदूखुदू हसत होती. लहानपणानंतर तिचं असं हसू या घरात कोणी ऐकलं नव्हतं.

"राहू दे, बाबा," ती म्हणाली. "जुनंच ठेवू. मम्म सकट."

पण अधिकारी तो अधिकारी. धून कचेरीची, म्हणजे सरकारी मालमत्ता. ती घरच्या कपाटात वापरायची? रजेवर असूनही साहेब मोठ्या साहेबांपुढे जाऊन उभे राहिले आणि सगळं कबूल केलं. मोठ्या साहेबांनी पेनाच्या टोपणाने कान कोरत ऐकून घेतलं.

"ती धून होय? ती यंत्राबरोबर आली. ज्याने यंत्र बसवलं त्याचं दुकान केव्हाच बंद झालं. कोणाची कोण जाणे. इथे त्या धुनेला शिव्या घालणारे खूप आले, मागायला तुम्ही पहिलेच." मग ते जरा पुढे झुकले. "आम्हाला वाटायचं ती तेवढीच आहे. पुढे आहे का हो काही?"

"आहे," साहेब म्हणाले. "शुक्रवारी निघतेय."

शुक्रवारी दुपारी सगळी इमारत साहेबांच्या घरातल्या बैठकीच्या खोलीत मावली. ठराव अजून लागू होता, त्यामुळे सगळे मोज्यांवर होते. आजींनी इतक्या दिवसांच्या शिवणातून एक मोठा गुबगुबीत पडदा आणला होता, आवाज अडवायला म्हणून, तो आता कोणाच्या तरी मांडीवर पडला होता. टिटवीने एक बटण दाबलं. बस, एवढंच. रेकॉर्ड निघाली. साहेबांना वाटलं होतं, काहीतरी आवाज होईल.

पहिली तीन गाणी झाली. मग चौथं सुरू झालं. आधी नुसतं मम्म. दूरच्या खोलीत कोणीतरी आहे, जागं आहे, आपलं काम करतंय, आपल्याला भ्यायचं कारण नाही, असं वाटायला लावणारं. त्यावर टिटवीचा आवाज हलकेच येऊन बसला. दोघं वर चढले, गिरकी घेतली. ती जागा आली. मम्म तिथे थांबला. साहेबांची मान सवयीने उचलली गेली, आता पुन्हा पहिल्यापासून म्हणून. आणि टिटवी पुढे गेली. एकटी, अलगद, पायरी पायरीने खाली उतरत, जिथे धून जायची राहिली होती तिथे. इतकी वर्षं रिसीव्हर कानाला लावून ते ज्याची वाट बघत होते ते हे होतं, आणि ते इतकं सोपं होतं. साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते पुसलं नाही, रुमाल काढला तर आवाज होईल.

आजी झोपी गेल्या होत्या. डॉक्टरही पेंगत होते. टिटवीच्या मते याहून मोठी दाद नव्हती.

"त्या खोलीचं काय?" साहेबांनी नंतर, कपबशा गोळा करताना, सहज विचारल्यासारखं विचारलं.

"नको म्हणून कळवलंय," टिटवी म्हणाली. "सध्या."

सध्या तर सध्या. त्यांनी तो शब्द जपून ठेवला.

रजा संपली, साहेब टेबलावर रुजू झाले. फ्रिज पुन्हा कण्हू लागला, लिफ्ट फिरू लागली. गाण्याचं नक्की काय झालं, ते किती जणांनी ऐकलं, हे टिटवी सांगायची, पण त्यांना ते आकडे कळायचे नाहीत. आणि मग एका दुपारी फोन वाजला.

"ध्वनी तक्रार विभाग," ते म्हणाले.

"अहो, वैताग आलाय नुसता!" पलीकडे कोणी अनोळखी गृहस्थ तापले होते. "समोरच्या दुकानात सकाळपासून एकच गाणं लावलंय. संपलं की पुन्हा तेच. वर त्यात मागे कोणीतरी सारखं मम्म मम्म करतंय!"

साहेबांची मान डावीकडे कलली.

"आवाज प्रत्यक्ष ऐकल्याशिवाय तक्रार घेता येत नाही," ते म्हणाले. असा काही नियम नव्हता. शेजारच्या टेबलावरून नव्या साहेबाने चमकून वर पाहिलं. "जरा फोन खिडकीबाहेर धरता का?"

गृहस्थांनी फोन खिडकीबाहेर धरला. रस्ता, गाड्या, कोणाची तरी हाक, आणि त्या सगळ्याच्या पलीकडून, अनोळखी गल्लीतून, त्यांची टिटवी. साहेबांनी डोळे मिटले. वर चढली, गिरकी घेतली, ती जागा आली, आणि ती खाली उतरत उतरत घरी पोचली.

"ऐकलंत?" गृहस्थ ओरडले. "आता काय ते करा!"

"ऐकलं," साहेब म्हणाले. "पण नीट लक्षात आलं नाही. आता पुन्हा लागेल ना? तसाच धरून ठेवा फोन. मी थांबतो."